गाडी तिथं, नंबर इथं

सरकारी पाट्या कारखान्यातनं छापून यायला लागल्या
तेव्हापासून ‘मुरारी आर्ट्स’ला उरली ती होड्यांची नावं.
अर्धा इंची ब्रश, पांढरा एनॅमल,
आणि ओल्या अक्षरावर येऊन बसणारी
जीवना बंदराची रेती.

अशात हमीदा उंडरे आली, टॉवेलात काहीतरी गुंडाळून.
मला वाटलं, सुरमई.

काळा पत्रा निघाला. चारी कोपरे दुमडलेले.
“वीस वर्षं खुराड्याचं दार होता,” ती म्हणाली,
“कोंबड्या संपल्या, मग हौदावर.
बावा गेला रमजानच्या आधी.
आता भिंतीला लावायचाय. आकडे काढून दे.”

“पासिंग कुठलं?” मी विचारलं, तोंडाच्या सवयीनं.
“झांजिबार.”
मला ऐकू आलं जंजिरा.
“तो नव्हे रे. पलीकडला. दर्यापार.”
“मग खरा नंबर तिथल्या आरटीओत—”
“तो देशच नाही आता,”
ती म्हणाली, सोमवारी दुकान बंद असतं म्हणावं तशी.

बावा लवंगेच्या पेढीवर मोटर हाकायचा.
जानेवारीतल्या एका रात्री बंदुका वाजल्या,
तीन दिवस तो गोदामात पोत्यांआड,
चौथ्या दिवशी बोट मिळाली. मोटर बोटीत मावेना.
खिशात पेचकस होता.
“अख्ख्या बेटातनं मला दोन स्क्रू मिळाले,” म्हणायचा,
आणि त्यातला एक
मुंबईत उतरताना हरवला.

मी पत्रा उन्हात तिरका धरला.
माझा आजा नवाबाच्या संस्थानात पाट्या लिहायचा.
संस्थान गेलं, त्यालाच बोलावलं त्या घासायला.
घासायचे पैसे लिहायच्या निम्मे.
तो एवढंच सांगायचा, पुढं काही नाही,
चहा ओतून घ्यायचा बशीत.

पहिलं अक्षर खाऱ्या हवेनं नेलेलं.
मग सात. मग अर्धा पुसलेला कोणीतरी.
मग एक. मग सात.

“हा तीन आहे का आठ?”

ती वाकली. चष्मा पुसला. पुन्हा वाकली.
“शेवटी त्याला माणसं ओळखू येईनात.
नर्स वय विचारायची तर हा नंबर सांगायचा.
पण तिकडच्या बोलीत.”
तिनं डोळे मिटले
आणि दुकानात, ॲक्टिवाच्या सीटला टेकून,
पाढ्यातल्या पोरीसारखी म्हणाली—

सबा, नाने, मोजा, सबा.

मोजा, म्हणून मी मोजले.
दोन्ही टोकांना सबा, दोन्ही टोकांना सात.
मोजा म्हणजे एक. इथवर जुळलं.
नाने तेवढा राहिला,
तीन की आठ, कोण सांगणार.

दोघांच्याही खिशात फोन होते.
कोणी काढला नाही.

सात काढला, मान जरा लांब, जुन्या वळणाचा.
एक काढला. सात काढला.
नानेपाशी ब्रश टेकवला
आणि उचलला.
“हा राहू दे,” मी म्हटलं. “कसा आहे तसा.”
ती काही बोलली नाही. बाकड्यावर बसली.
रंग वाळेस्तोवर रस्त्यानं गाड्या गेल्या,
शून्य सहा, शून्य सहा, एक पुण्याची,
सगळ्यांचे आकडे एका साच्यातले,
वाचता येत होते सगळे, न थांबता.

“आकड्याला तीस,” मी म्हटलं. “तीन काढले. नव्वद.”

तिनं एकशेवीस दिले.
सुट्टे द्यायला मी गल्ला उघडला तर
पत्रा टॉवेलात घेऊन ती पायरी उतरलीही होती.
“त्याचेही धर,” म्हणाली.